दुसरा खर्डा कुठे लिहायचा?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: नंदुरबारसारख्या जिल्ह्यातल्या नाटककारांना आणि रंगकर्मींना घडण्यासाठी वेळ, सोबत आणि स्वतःची भाषा मिळण्याबाबत.

महोदय,


हे पत्र लिहायला बसलोय आणि समोर एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा सुटला म्हणून तो गोधडीच्या दोऱ्यानं टाचलाय. आत निळ्या बॉलपेननं लिहिलेलं नाटक आहे. लिपी देवनागरी, भाषा आमच्याकडच्या पाड्यांवर बोलली जाते ती, भिलीच्या कुळातली मावची. लिहिणारी मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. तिला विचारायचं राहिलंय, म्हणून तिचं नाव इथे लिहीत नाही.

मी धानोऱ्याचा. नंदुरबार तालुक्यातलं हे गाव. गुजरातची हद्द इथून जवळ. पेशा शिक्षकाचा. वीसेक वर्षं शाळेतल्या आणि गावातल्या पोरांना घेऊन नाटक बसवतोय. आजवर आपल्या खात्याकडे काही मागितलं नव्हतं. या वहीमुळे मागावंसं वाटलं.

नाटक उचलीवर आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. त्याआधीच, पावसाळ्यात हाताला काम नसताना, मुकादम पाड्यावर येऊन उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देऊन गेलेला असतो. ती उचल फेडायला घर बंद करून जायचं. घरातली थोरली पोरगी धाकट्या भावंडांना सांभाळायला मागं राहते. तिच्या नजरेतून हे नाटक लिहिलंय. ज्या मुलीनं लिहिलं तीच लहानपणी दोन हंगाम अशी मागं राहिली होती.

एका रविवारी दुपारी शाळेच्या ओट्यावर आम्ही पहिलं वाचन ठेवलं. दहा-बारा माणसं असतील. मुकादम उचल देतो तो प्रवेश आला. तिनं लिहिलेला मुकादम दरडावून बोलत होता, नोटा फेकत होता, सिनेमातल्या सावकारासारखा. भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मध्येच बोलली. तिनं तीस-एक हंगाम ऊस तोडलाय. ती म्हणाली, पोरी, पैसे देताना मुकादम ओरडत नाही गं. तेव्हा तो लई गोड बोलतो. पोराचं नाव विचारतो, चहा घेतो. ओरडतो तो नंतर, फडात.

मुलगी गप्प झाली. आठवड्यानं तिनं प्रवेश नव्यानं लिहून आणला. त्यात मुकादम खाटेवर बसतो, बशीतून चहा पितो, लहान्याला मांडीवर घेतो, त्याच्या शाळेची चौकशी करतो आणि जाता जाता नोटांची पुडी उशीखाली सरकवतो. एकदाही आवाज चढवत नाही. तो प्रवेश वाचला तेव्हा ओट्यावर कुणी हललं नाही. पहिल्या खर्ड्यात तिनं मुकादमाविषयी ऐकलेलं लिहिलं होतं; दुसऱ्यात तो माणूस म्हणून उभा राहिला. नाटककार घडतो म्हणजे काय होतं, ते मी त्या दुपारी पाहिलं.

पण हे एकाच प्रवेशाचं झालं. नाटकात आणखी सात प्रवेश आहेत. ते पहिल्या खर्ड्यातच राहिले.

पुढे आम्ही ते नाटक तासाभराचं करून एका स्पर्धेत नेलं. संहिता मराठीत हवी होती. मी आणि तिनं मिळून चार रात्रींत मराठी केली. प्रयोगात पोरं वाक्यं बरोबर म्हणत होती, पण घरी हसून हसून जमिनीवर लोळायला लावणाऱ्या जागा तिथे कोरड्या गेल्या. मराठी बोलताना पोरांचे हात कमरेशी चिकटून राहिले होते. परीक्षकांचा शेरा मिळाला: विषय चांगला, लेखन कच्चं. कच्चं कुठे, ते कुणी सांगितलं नाही. दिवसभरात एकामागून एक एकांकिका पाहणाऱ्या माणसाकडे तेवढी सवड नसते, हे मी समजू शकतो. माझा राग परीक्षकावर नाही. पण त्या शेऱ्यानंतर जायचं कुठे, हे विचारायला आम्हाला सगळ्या जिल्ह्यात एक दार सापडलं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिच्या घरात एक कोयता कमी पडत होता. मागं राहणाऱ्या मुलीवर नाटक लिहिणारी मुलगी स्वतःच ऊसतोडीला गेली. जाताना वही माझ्याकडे ठेवून गेली.

महोदय, शासन नाटकासाठी काही करत नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. इतकी वर्षं, इतक्या केंद्रांवर हौशी नाटकाला सरकार मंच देतं, अशी उदाहरणं देशात फारशी नाहीत. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी नट, लेखक, दिग्दर्शक याच स्पर्धेतून वर आले. संगीत नाटक, संस्कृत, हिंदी, बालनाट्य, दिव्यांग मुलांचं बालनाट्य, यांच्यासाठी वेगळ्या फेऱ्या आहेत. आणि दुसऱ्या टोकाला, पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांना आता दरमहा ५,००० रुपये मानधन मिळतं. माझ्या ओळखीचे दोन म्हातारे ढोलवाले त्यावर औषधपाणी भागवतात. त्यांच्या वतीनं मी खात्याचे आभार मानतो.

पण या दोन टोकांच्या मध्ये पाहा. नाटक तयार असेल तर मंच आहे. आयुष्य सरत आलं असेल तर मानधन आहे. माणूस नाटककार होत असतो, वही खोडून पुन्हा लिहीत असतो, ती मधली पाच-दहा वर्षं कुणाच्याच खात्यावर नाहीत. पुण्या-मुंबईत ती वर्षं इतर गोष्टी भरून काढतात. कॉलेजच्या तालमी असतात. पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी आहे, संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटणारा वडीलधारा नाटककार आहे. धानोऱ्यातल्या मुलीकडे एक शिक्षक आणि एक म्हातारी आहे. आम्ही दोघं कमी पडतो.

ही उणीव सगळ्यात आधी मलाच दिसली असं नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं सतीश आळेकरांच्या कल्पनेतून १९८५ ते १९९४ या काळात दोन योजना चालवल्या होत्या. एक नाटककार घडवण्याची, दुसरी ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांना बळ देण्याची. पैसा फोर्ड फाउंडेशनचा होता. ज्या माणसानं 'महानिर्वाण' लिहिलं, त्याला आपलं पुढचं नाटक लिहीत बसता आलं असतं. त्यानं दुसऱ्यांच्या लिहिण्याची सोय लावण्यात वर्षं घातली, कारण नाटककार एकटा घडत नाही हे त्याला ठाऊक होतं. १९९४ नंतर ती मदत थांबली. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे आम्ही जिल्हा म्हणून जन्मलो तेव्हा ती योजना संपून चार वर्षं झाली होती. परदेशी संस्थेच्या पैशावर जे काम नऊ वर्षं चाललं, ते पुढे राज्यानं आपलं म्हणून उचलायला हवं होतं. अजूनही उचलता येईल.

खेड्यात हे होत नाही, असं कुणी आपल्याला सांगितलं तर त्यांना कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू दाखवा. सुपारीच्या बागांमधलं लहानसं खेडं. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी १९४९ साली गावातल्या सवंगड्यांसोबत 'नीनासम' ही नाट्यसंस्था सुरू केली. १९८० मध्ये तिथे नाट्यशिक्षणाची शाळा निघाली. १९८५ पासून 'तिरुगाट' हे त्यांचं फिरतं पथक दरवर्षी नवी नाटकं घेऊन कर्नाटकभर हिंडतं. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. आधी गावात वाचन आणि प्रयोग, मग तीस वर्षांनी शाळा, मग फिरतं पथक. सुरुवात इमारतीपासून झाली नाही. आमच्याकडे रंगभूमीसाठी काही करायचं म्हटलं की पहिला प्रस्ताव नाट्यगृहाचा येतो. नंदुरबारला नाट्यमंदिर आहे. तिथे करायला आमचं स्वतःचं, पूर्ण शिजलेलं नाटक नाही, ही खरी अडचण आहे.

आमच्याच राज्यातलं उदाहरण द्यायचं तर जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे. गावात राहून, शेती करत लिहिणारा हा नाटककार. विजेच्या प्रश्नावरचं 'आकडा' त्यांनी लिहिलं. २०१२ साली त्यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आलं आणि महाराष्ट्रभर गाजलं. त्यामागं संभाजी भगतांची कल्पना आणि गाणी होती, दिग्दर्शनाला नंदू माधव होते, आणि रंगमंचावर जालन्याकडची शेतकरी पोरं. गावच्या लेखकाजवळ एक मुरलेला शाहीर आणि एक मुरलेला दिग्दर्शक येऊन उभे राहिले, तेव्हा त्या नाटकाला ती उंची आली. तांगडेंना ही माणसं भेटली. आमच्या मुलीला ती योगायोगानं भेटतील, याची वाट पाहत बसायचं का?

आता भाषेचं बोलतो, कारण आमचं सगळ्यात मोठं घोडं तिथेच अडतं.

२०११ च्या जनगणनेत भिली किंवा भिलोडी गटातली मातृभाषा सांगणारे देशात एक कोटीहून जास्त लोक आहेत. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान या चार राज्यांत ते विखुरलेत, म्हणून कुठल्याच राज्याच्या नाट्यव्यवस्थेत ते मोजले जात नाहीत. आमच्या जिल्ह्यात जवळपास सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत. घरात भिली, मावची, पावरी, आदिवासी कोकणी; बाजारात अहिराणी, गुजराती; शाळेत मराठी. राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृतसाठी फेरी आहे, आणि ती असायलाच हवी. मग ज्या भाषेत आजही माणूस रडतो, भांडतो, सोयरिक जुळवतो, त्या भाषेतल्या नाटकासाठीही एक फेरी का असू नये? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. मराठी माझी पोट भरणारी भाषा आहे. थोरल्या बहिणीचा मान वाढला की धाकट्यांचंही कुणीतरी बघावं, एवढीच अपेक्षा आहे.

शेजारच्या गोव्यात कला अकादमी मराठी नाटकाची आणि कोंकणी नाटकाची स्पर्धा वेगवेगळी घेते. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारालाही स्वतंत्र जागा आहे. एका प्रयोगाची भाषा दुसऱ्याच्या मापानं मोजायची नाही, एवढं साधं तत्त्व त्यात आहे.

याबाबत नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीरांची गोष्ट मी आमच्या पोरांना नेहमी सांगतो. छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातले गावरान नट घेऊन त्यांनी सुरुवातीला काम केलं, तेव्हा त्या नटांना हिंदीत बोलायला लावलं आणि इथे उभा राहा, तिकडून ये असं आखून दिलं. गावच्या मैदानात रात्रभर लोकांना जिंकणारे तेच नट आखडून गेले. चूक कुठे होते आहे, हे समजायला तन्वीरांना बरीच वर्षं लागली. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगढी परत दिली, १९७३ साली रायपूरला कार्यशाळा घेतली, आणि १९७५ मध्ये 'चरणदास चोर' उभं राहिलं. ते पुढे जगभर फिरलं. आमच्या पोरांचे हात स्पर्धेत कमरेशी का चिकटले, याचं उत्तर मला या गोष्टीत मिळालं. तन्वीरांच्या नटांना जे परत मिळालं, ते आमच्या पोरांनाही मिळायला हवं.

आमच्याकडे लिहिलेलं नाटक नवीन असेल, नाटक नवीन नाही. सोंगाड्या पार्टी आपण पाहिली नसेल तर एकदा जरूर पाहा. लग्नात, जत्रेत, पाड्याच्या मोकळ्या जागेत रात्री सुरू होते ती उजाडेपर्यंत चालते. बाप्ये लुगडं नेसून बाया होतात. ढोल असतो, भोपळ्याचं पावरी हे वाद्य असतं. दारू, सावकार, सवत, आश्रमशाळा, निवडणूक, सगळं त्यात येतं. संहिता कुठेच लिहिलेली नसते. आज एका पाड्यावर न पिकलेला विनोद उद्या दुसऱ्या पाड्यावर बदललेला असतो. परवा त्यात आणखी एक वाक्य वाढतं. म्हणजे सोंगाड्याला दुसरा खर्डा रोज रात्री मिळतो, तोही प्रेक्षकांच्या समोर. आमच्या वहीतल्या नाटकाला मिळाला एकच प्रयोग, तोही परक्या भाषेत, गावापासून लांब. लोककलेचा कलावंत आणि लिहिणारा नाटककार यांची सांगड घालायची कल्पना मला इथूनच सुचली. लिहिणाऱ्यांना काय हवं, ते सोंगाड्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

आणखी एक अडचण आहे ती वेळापत्रकाची. मुंबईत बसून ती दिसणार नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होते. आमच्यासाठी केंद्र जळगाव, रेल्वेनं दीडशेएक किलोमीटर. अंतराचं काही नाही, सुरत-भुसावळ गाडीत लेव्हल्स आणि पेट्या घेऊन आम्ही उभ्यानं गेलोय. पण नोव्हेंबरात आमचा पाडा रिकामा असतो. नट फडावर, प्रेक्षक फडावर, लेखिकासुद्धा फडावर. तालमीला ऑगस्टात असलेली पोरं नोव्हेंबरात नसतात. माणसं परततात होळीला. होळी हा आमचा सगळ्यात मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला सातपुडा लोटतो. नवस फेडणारे बावा, बुध्या अंगावर राखेचे ठिपके काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात. तिथून पाऊस पडेपर्यंत माणसं घरी असतात. लग्नं, जत्रा, सोंगं, सगळं त्या तीन महिन्यांत. आमच्या नाटकाचा हंगाम तोच.

हंगामाचं महत्त्व दुसऱ्या एका धानोऱ्यावरून दिसतं. धानोरा नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. गडचिरोली जिल्ह्यात तर धानोरा हा तालुकाच आहे. नंदुरबार आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेत, दोन्हीकडे जंगल आहे, दोन्हीकडे आदिवासी आहेत. पण तिकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा हे तिचं गाव. तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं दुकानांसारखी ओळीनं आहेत. मंडईची जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्तानं गावोगाव रात्रभर तिकीट लावून प्रयोग होतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या सेवेबद्दल. ती रंगभूमी इतकी वर्षं का टिकली, याची अनेक कारणं आहेत, पण मला एक फार मोठं वाटतं. तिचा हंगाम धानाच्या पिकाला धरून आहे. दिवाळीला धान घरात येतं, हातात चार पैसे आणि मोकळा वेळ येतो, आणि तिथपासून होळीपर्यंत नाटकं चालतात. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीला सुरू होतो, आमचा होळीला. सगळ्या राज्याला एकच तारीख दिली की तिकडचं धानोरा नाटक पाहतं आणि इकडचं फडावर असतं.

म्हणून माझ्या पाच मागण्या.

पहिली मागणी लेखनवृत्तीची. केंद्र सरकार १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये शिष्यवृत्ती देतं. नाटकही त्यात आहे. त्याच धर्तीवर राज्यानं दर वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या पाच नाटककारांना दोन वर्षं लेखनवृत्ती द्यावी. रक्कम ठरवताना एक कसोटी लावा: त्या पैशामुळे घरातला एक कोयता कमी झाला तरी चालेल का? चालत असेल तर रक्कम बरोबर. अर्ज मातृभाषेत, हस्ताक्षरात, नाटकाच्या दहा पानांसह घ्यावा. पदवीची अट नसावी.

दुसरी मागणी सोबत्याची. दोन तासांचं व्याख्यान आणि प्रमाणपत्र देणारी शिबिरं आम्ही पुष्कळ पाहिली. आम्हाला एक अनुभवी नाटककार आणि एक दिग्दर्शक वर्षातून तीनदा, प्रत्येक वेळी दहा दिवस इथे येऊन राहणारे हवेत. पहिल्यांदा त्यांनी खर्डा ऐकावा, दुसऱ्यांदा बदललेला खर्डा वाचावा, तिसऱ्यांदा तो उभा करताना तालमीत बसावं. माणसं दूरची नकोत. नाशकात दत्ता पाटील आणि सचिन शिंदे यांनी 'हंडाभर चांदण्या' या नाटकासारखं आपल्या मातीतलं काम केलंय. अशी माणसं उत्तर महाराष्ट्रातच आहेत. त्यांना मानाचं मानधन द्या.

तिसरी मागणी भाषेची. राज्य नाट्य स्पर्धेत आदिवासी भाषांतल्या नाटकांसाठी स्वतंत्र फेरी ठेवा, ती भाषा समजणारा निदान एक परीक्षक नेमा, आणि तिची तारीख होळीनंतरची ठेवा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी भिली, मावची, पावरी संहिता तपासायची सोय नंदुरबारलाच झाली तर आणखी बरं.

चौथी मागणी जाणत्यांची. जे सोंगाडे, ढोलवाले, पावरीवाले आज मानधन घेतात, त्यांना शिकवण्याचं काम द्या. लेखनवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकानं एक हंगाम त्यांच्या पार्टीसोबत फिरावं. त्या कलावंतांना गुरू म्हणून वेगळं मानधन मिळावं. पन्नाशीनंतर माणसाला पैशांइतकीच आपली विद्या कुणीतरी घ्यावी याची भूक असते, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून पाहिलंय.

पाचवी मागणी दुसऱ्या प्रयोगाची, आणि तिसऱ्या, आणि दहाव्या. नाट्यमंदिरात महिन्यातली एक तारीख जिल्ह्यातल्या नव्या नाटकासाठी राखून ठेवा. आश्रमशाळांची सभागृहं सुट्टीत मोकळी असतात, ती द्या. सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाला तंबू लागतो, तिथेच नव्या नाटकाला एक रात्र मिळू द्या. प्रयोग होईल तिथे लेखकानं प्रेक्षकांत बसून वहीत लिहून घ्यावं, कुठे माणसं उठून गेली आणि कुठे हसली.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येईलच. जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाची दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, नंदुरबारला आणि तळोद्याला. जिल्हा नियोजन समिती आहे. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र उदयपूरला आहे, आणि महाराष्ट्र त्याचा सदस्य आहे. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. मी मागतोय त्यात नवी इमारत नाही, नवं महामंडळ नाही. दर वर्षी पाच नव्या माणसांची लेखनवृत्ती, दोन सोबत्यांचं मानधन, प्रवास आणि ओट्यावरचा चहा.

शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या दुःखाबद्दल मंचावरून दुसरेच बोलत राहिले, ही तिच्यातली वेदना आहे. ती कविता येऊन कित्येक वर्षं झाली. आज आमच्या मुली स्वतः लिहू लागल्या आहेत, हा फार मोठा बदल आहे. त्या लिहितात तेव्हा आपण त्यांना फक्त गुणपत्रिका देतो. त्यांना शेजारी बसून ऐकणारा माणूस हवा आहे.

त्या मुलीचं पुढे काय होईल, मला सांगता येत नाही. ती थोर नाटककार होईल असा माझा दावा नाही. पण एवढं मी डोळ्यांनी पाहिलं: एका म्हातारीच्या एका वाक्यावर तिनं एक प्रवेश मोडून नव्यानं बांधला, आणि तो खरा झाला. ज्याला हे एकदा जमतं, त्याला ते पुन्हा जमू शकतं. फक्त पुन्हा करायला जागा लागते.

वही आता मी बंद करतोय. चौसष्ट पानं पहिल्या खर्ड्याची आहेत, त्यापुढची सहा मुकादमाच्या प्रवेशाची, पुन्हा लिहिलेली. त्यानंतरची सगळी कोरी आहेत. होळीला ती परत येईल तेव्हा वही मी तिच्या हातात देणार आहे. उरलेले सात प्रवेश ऐकायला त्या ओट्यावर मी असेन, म्हातारी असेल. यंदा तिसरं माणूसही असावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं.

आपला,
एक शिक्षक आणि नाट्यकर्मी
धानोरा, ता. जि. नंदुरबार